घोंगडीच्या टोपीतली हाळी

शबाना, तुझं मशीन माझ्याकडे आलंय. आफरीननेच आणून दिलं. आत ये म्हटलं तर दारातूनच म्हणाली, "मौसी, रिक्षा थांबवलीय." पिशवी माझ्याकडे देताना तिने ती दोन्ही हातांत धरली होती, तू धरायचीस तशी, आत अंडी असल्यासारखी. "अम्मी बोली थी, ये मंगल मौसी का है." मी म्हटलं, अगं, हे आमचं दोघींचं आहे. "हां, वहीच," म्हणाली आणि जिना उतरून गेली. लेक तुझ्यावरच गेली आहे. मुद्द्याचं बोलून झालं की पाठ फिरवते.

पिशवीत सगळं जागच्या जागी होतं. आपला बुटका रेकॉर्डर, डोक्यावर बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन माइक असलेला. हेडफोन, ज्याची फाटलेली गादी तू ब्लाउजच्या उरलेल्या अस्तराने शिवलीस. रबरबँडांचा गुंता. आणि ती टोपी, माझ्या भावाच्या जुन्या घोंगडीच्या तुकड्यातून तू माइकसाठी शिवलेली. तिला अजून मेंढराचा वास येतो. मी ती नाकाशी धरली आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडले. त्या दिवशी तुझ्या घरी बायकांत बसले होते तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मला सारखं वाटत होतं, तू आत चहा गाळते आहेस. आता बाहेर येशील आणि कानात म्हणशील, मंगे, अशी शांतता परत मिळायची न्हाई, एक मिनिट घेऊन ठेव.

खरं सांगू का? मला मशीन नको होतं. मला तुझा आवाज हवा होता. इतकी वर्षं आपण दोघी हाळ्या गोळा करत हिंडलो. भंगारवाला, आठवडी बाजारातली कोथिंबीरवाली, स्टँडवर "अक्कलकोट, अक्कलकोट" करून घसा बसवून घेतलेला कंडक्टर, पोराला गल्लीच्या टोकावरून तेलुगूत बोलावणारी विणकराची बायको. कोण कुणाला कसं बोलावतं, एवढाच आपला विषय. लोक नाणी जमवतात, आपण हाका जमवल्या. आज माझ्या कपाटात अर्ध्या सोलापूरच्या हाका आहेत आणि तुझी एकही नाही. जिन्याखाली उभी राहून तू मारायचीस ती "मंगेऽ" ही हाक, शेवटाला वर उचललेली. ती आठवून आठवून पातळ होत चालली आहे. मला भीती वाटते की काही दिवसांनी ती मला माझ्याच आवाजात आठवायला लागेल.

आणि दुसरं एक राहिलं. तुझ्या माहेराहून, मैंदर्गीहून परत येताना बसमध्ये तू काय म्हणाली होतीस, ते मला जाणून घ्यायचं होतं. ते तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

हे सगळं माझ्या मूर्खपणातून सुरू झालं, असं तू स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगायचीस. मी भूगोलाची बाई, तू हिंदीची. मला वाटायचं, पोरांना नकाशावर नुसता माळशिरस तालुका दाखवून काय उपयोग, तिथलं काही ऐकू तर आलं पाहिजे. म्हणून सुट्टीत माहेरी गेले तेव्हा भाऊ मेंढरांना बोलावतो ती हाळी मोबाइलवर घेतली. वर्गात लावली तर नुसता वारा. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, हे वादळ आहे का?" तुझा तास मोकळा होता, तू दारातून ऐकत होतीस. तू इतकी हसलीस की वर्ग माझ्या हातातून गेला तो गेलाच.

मधल्या सुट्टीत मात्र तू गंभीर होतीस. "मोबाइल लई शहाणा असतो गं. कुणी ओरडलं की दाबतो, कुणी गप बसलं की वर उचलतो. त्याच्यावर सोपवलं तर सगळ्या दुनियेचा आवाज एकसारखा होईल." हे तू कुठे वाचलं होतंस, देव जाणे. पण आठवड्याभरात तू आवाज टिपणाऱ्या यंत्रांवर एवढं वाचलंस, एवढे व्हिडिओ पाहिलेस, की तुझ्या पेपर तपासणीची बोंब झाली.

नव्या पेठेतलं ते दुकान आठवतं? दुकानदाराला वाटलं, दोन बायका आहेत, भजनी मंडळाला किंवा लग्नाला काहीतरी हवं असेल. त्याने लाल-निळे दिवे लागणारा माइक काढला. "मॅडम, यात इको पण आहे." तू त्याच्याकडे असं पाहिलंस, जसं कॉपी करणाऱ्या पोराकडे बघायचीस. "इको नक्को भाई. हमना जैसा है वैसाच होना." मग तू त्याला प्रश्न विचारत सुटलीस. साधे सेल चालतात का? आडगावात चार्जिंग कुठून आणायचं? आवाजाची पातळी हाताने कमी-जास्त करता येते का, की हेही मोबाइलसारखं शहाणं? हेडफोन लावायला भोक आहे का? माइक अंगावरच आहेत की वेगळे घ्यावे लागतील? तासभर धरून हात दुखेल का? माझं लक्ष मात्र वरच्या फडताळावर होतं. तिथे एक देखणं मशीन होतं. ओरडा, कुजबुजा, पातळी जुळवायची गरजच नाही आणि एक बटण दाबलं की काम सुरू. त्याची किंमत ऐकून तू माझा दंड धरून मला खाली बघायला लावलंस. "वरच्या फडताळाकडं बघूच नको. आधी कान घेऊ, मग मशीन." आणि खरंच, आपण सगळ्यांत स्वस्त रेकॉर्डर घेतला आणि वाचलेल्या पैशांत जरा बरे हेडफोन घेतले. तुझं बरोबर होतं. जे ऐकू येत नाही ते सुधारायचं कसं? पण ते वरचं मशीन माझ्या डोक्यातून गेलं नाही ते नाहीच.

पुढचा सगळा खर्च तू हाताने वाचवलास. स्टँड म्हणून पोरांचा सेल्फी काढायचा दांडा. बोटांची खसखस माइकमध्ये जाऊ नये म्हणून रेकॉर्डर रबरबँडांत टांगायचा. आणि वारा! मोहोळच्या अलीकडे उघड्या माळावर पहिल्यांदा उभ्या राहिलो, तेव्हा दुकानदाराने दिलेल्या फोमच्या बोंडाने काहीही केलं नाही. कानात नुसती ताडपत्री फडफडत होती. केसाळ टोपी मिळते म्हणे, पण तिची किंमत ऐकून तू म्हणालीस, "मेंढरं तुमच्याकडं आणि लोकर दुकानातनं आणायची व्हय?" मी भावाकडून घोंगडीचा तुकडा आणला. पहिली टोपी इतकी जाड झाली की सगळी माणसं गोधडीतून बोलत आहेत असं वाटायचं. मग तू बसून तारेच्या ब्रशने ती विंचरलीस. इतकी विंचरलीस की नुसता भुसभुशीत केसांचा गोळा राहिला. वारा अडला आणि आवाज आत येऊ लागला. फक्त एक झालं, बाजारातली कुत्री आपल्या मागे लागायला लागली. आणि एकदा एक कोकरू माइकला लुचायला आलं. ते रेकॉर्डिंग अजून आहे, चुप चुप चुप, आणि मागे माझं हसणं. तुझं नाही.

कारण तुझा तो नियम. मशीन जिच्या हातात, तिने बोलायचं नाही. "आपण चाळणी हाय मंगे. चाळणीनं पिठात पडू नये." गाव, नाव, काय घेतोय, हे सुरुवातीला बोलायचं काम माझं. तू हेडफोन लावून, डोळे मिटून, बोट बटणावर. चुकून तुझा हुंकार आलाच तर घरी बसून तो कापायचीस. आणि शेवटी प्रत्येक ठिकाणी ते एक मिनिट. सगळ्यांनी गप्प राहायचं, आणि त्या जागेचा नुसता आवाज घ्यायचा. तू म्हणायचीस की कुठल्याही दोन जागांची शांतता सारखी नसते. लोकांना ते फार विचित्र वाटायचं. एका आजीने तर हात जोडले होते, तिला वाटलं आपण कुणाला श्रद्धांजली वाहतोय.

आफरीन येऊन गेल्यावर मी आधी ती मिनिटंच ऐकत बसले. कपाटातली सगळी. म्हटलं, बोलली नसेल, पण श्वास तर घेतला असेल. शबाना, त्या सगळ्या मिनिटांत मीच आहे गं! माझ्या बांगड्या. माझं पोट गुरगुरतंय, तेही जवळजवळ दर वेळी. एकदा माझी शिंक, आणि शिंकेनंतर पुटपुटलेलं "सॉरी". तू कुठेच नाहीस. इतकं गप्प उभं राहायला तुला सांगितलं कुणी होतं? मला राग आला. खरंच आला. मी रिकाम्या खोलीत तुझ्याशी मोठ्याने भांडले.

आणि ज्या हाळीसाठी मी खरं तर वरच्या फडताळाकडे बघत होते, ती तर तुझ्याच गळ्यात होती. तुझ्या अम्मीची. डोक्यावर टोपली घेऊन मैंदर्गीच्या गल्ल्यांतून बांगड्या विकायची ती. एका गल्लीत मराठी, दुसरीत कानडी, तिसरीत आपली दखनी, म्हणून तिची हाळीही तिन्हींत, एका दमात. तू एकदा स्टाफरूममध्ये पाटीलबाईंच्या नव्या बांगड्या बघून ती अर्धी म्हटलीस आणि मधेच थांबलीस. त्यानंतर मी तुझा पिच्छा सोडला नाही. तुझं एकच, "गिऱ्हाईक न्हाई, गल्ली न्हाई, डोक्यावर टोपली न्हाई. हाळी कुणाला देऊ, तुझ्या मशीनला?" कधी म्हणायचीस, "अम्मीची नक्कल होईल गं, नको." मला वाटायचं, ते चांगलं मशीन आणलं की तुला नाही म्हणता येणार नाही. वेडी आशा.

मग तो मैंदर्गीचा दिवस. तुझ्या माहेरच्या ओळखीने आपण मेंढरं राखणाऱ्या बिराप्पामामांकडे गेलो. मेंढरं ओढ्याकडे गेलेली. मी म्हटलं, मामा, तेवढ्यात एकदा हाळी देऊन दाखवा. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"आन् मेंढरं?"

"ती नंतर येतील की. आवाज जुळवून घ्यायचाय."

"न्हाय बाई. मेंढरं न्हाईत तर हाळी कुणाला देऊ? येड्यागत? बसा तुमी हितं. येऊ द्या त्यास्नी."

तू मला कोपर मारलंस. ऐकलंस? दिवस कलायला लागला तसा कळप दिसला, मामा उठले, तोंडाशी हात नेला आणि ती हाळी दिली. दूरवरचा सगळा कळप एकाच वेळी वळला. तू डोळे मिटून उभी, हेडफोनमध्ये सगळं नीट ऐकू येत होतं तुला. मग ते एक मिनिट. मग तू बटण दाबलंस, टोपीसकट मशीन पिशवीत टाकलंस आणि आपण चहाला गेलो. दोघी इतक्या खुशीत होतो की तू दुसरा कप मागितलास. बसमध्ये मी पुन्हा फडताळावरच्या मशीनचं पुराण लावलं आणि बोलता बोलता झोपून गेले.

रात्री तुझा फोन आला.

"मंगे, दिवा लुकलुकत होता गं."

"म्हणजे?"

"म्हंजे मामाची हाळी आलीच न्हाई. एकदा दाबलं की मशीन नुस्तं तयार होतंय. दिवा लुकलुकतोय, कानात आवाज येतोय, पण आत काय जात न्हाई. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा थिर होतो, मग आत जातंय. आपण दुसऱ्यांदा दाबलं ते बंद करायला म्हणून. तितनं म्होरं चालू झालंय. पिशवीतली खरखर आलीय नुस्ती, सेल संपेपर्यंत."

"उडव ती," मी चिडून म्हणाले.

"उडवली," तू म्हणालीस.

मामांकडे आपण पुन्हा गेलो. त्यांनी पुन्हा हाळी दिली, मेंढरं आल्यावरच. पण आपल्यातलं भांडण काही मिटलं नाही. मी म्हणायची, एका बटणाला तीन अर्थ असलेलं मशीन हवंच कशाला, ते वरचं घेऊ. तू म्हणायचीस, मशीनचा काय दोष, टोपी खाली ओढली म्हणून दिवा दिसला नाही. मी विचारायची, टोपी कुणी शिवली? टोपी कुणी ओढली? पुढे तो दिवा आपली खूणच झाला. भर परिपाठात प्रार्थना चालू असताना तू लांबून भुवई उडवायचीस, "दिवा?" आणि मी ओठांनी म्हणायची, "स्थिर." मुख्याध्यापकांना वाटायचं आपण त्यांच्यावर काहीतरी बोलतोय.

आणि नव्या मशीनचा विषय काढला की तुझं ठरलेलं, "ते तुला बसमध्ये सांगितलंय की."

"काय सांगितलंस?"

"झोपलीस तू. मी दोनदा सांगत नसते."

मला वाटायचं, बसमध्ये तू काही बोललीच नव्हतीस, उगाच मला टांगून ठेवतेस. मीही फुगून बसले. मशीन घेतलं नाही, अम्मीची हाळीही परत मागितली नाही. म्हटलं, पळून कुठे जाते आहे ही. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते तेव्हासुद्धा विचारलं, आता तरी सांग. नाकात नळी असताना तू हसलीस. "बरी झाले की सांगते." मी म्हटलं, बघ हं, वचन दिलंस.

काल दुपारी मशीनमध्ये नवे सेल घातले. कशाला, ते माहीत नाही. तुझं मशीन बंद पडलेलं बघवत नव्हतं म्हण. कार्ड रिकामं असणार याची मला खात्री होती. प्रत्येक फेरीनंतर तू सगळं उतरवून घ्यायचीस आणि कार्ड पुसून ठेवायचीस. पण त्यात एक फाइल होती. एकच. लांबलचक.

हेडफोन लावले. खरखर. पिशवीच्या चेनचा आवाज. घोंगडीच्या केसांचं घासणं. मग लांबून, विहिरीतून यावा तसा, कपबशीचा आवाज आणि चहावाल्याशी साखरेवरून कानडीत चाललेली हुज्जत. हुज्जत घालणारी तू.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. उठून पाणी प्यायले, खिडकी लावून घेतली आणि हेडफोन पुन्हा लावले.

उडवली म्हणाली होतीस. स्वतःचा हुंकार कापणारी तू, ती सगळी खरखर ठेवून दिली होतीस.

मग बस. इंजिनाची घरघर, आणि तिच्यावर मी. किती बोलते गं मी! एका बटणाचं मशीन, पातळी जुळवायला नको, तुझ्या अम्मीची हाळी त्यात कशी स्वच्छ येईल, हे आणि ते. तू नुसती "हौ", "हौ" करतेस. हळूहळू माझी वाक्यं लांबत जातात आणि मधेच संपतात. बराच वेळ नुसतं इंजिन आणि माझं घोरणं. मग तू, अगदी जवळ. पिशवी तुझ्या मांडीवर होती ना.

"घे बाई, घे ते फडताळावरचं. तू काय ऐकणार न्हाईस. पण मशीन तू धरायचं. मी म्होरं बसते. अम्मीची हाळी देते. फकस्त हसायचं न्हाई, आत्ताच सांगून ठेवते."

उत्तर द्यायला मी जागी कुठे आहे?

"मंगे?"

इंजिन. एक हॉर्न. आणि मग, इतक्या हळू की मी श्वास धरला, "बांगड्याऽऽ... बळेऽऽ... चूड्याँऽऽ..." तिसऱ्यावर आवाज फाटला. तू खाकरलीस. पुन्हा पहिल्यापासून म्हटलीस. या वेळी तिन्ही एका दमात, खालून वर आणि पुन्हा खाली, गल्लीच्या वळणावर नेऊन सोडल्यासारखी. गिऱ्हाईक नसताना, गल्ली नसताना, झोपलेल्या माझ्या शेजारी बसून.

आपल्या सगळ्या नियमांनी ते टाकाऊ रेकॉर्डिंग आहे. घोंगडीआडचं, पिशवीतलं, इंजिनाखाली दबलेलं. आवाज स्वच्छ करून देणारे लोक असतात, म्हणे इंजिन अलगद काढून टाकतात. मी नाही नेणार. माझं ते घोरणं, ती घरघर, तो हॉर्न, सगळं मला तसंच हवंय. जैसा है वैसाच.

हाळी संपल्यावर तू थोडं थांबतेस. मग हसून म्हणतेस, "झोपलीस व्हय गं? झोप, झोप. उतरताना हाक मारते." आणि आवाज तुटतो. तिथे सेल संपले.

त्या दिवशी तू हाक मारली होतीस, हे मला पक्कं आठवतं. खांद्यावर हात ठेवून, "मंगेऽ, ऊठ, स्टँड आलं." मी कुरकुरत उठले होते. ती हाक मशीनमध्ये नाही. तरी कालपासून मी ती फाइल पुन्हा पुन्हा शेवटपर्यंत ऐकते, आणि आवाज तुटल्यावरही हेडफोन काढत नाही, तशीच बसून राहते. इतक्या वर्षांच्या प्रवासात मी दर वेळी झोपले आणि दर वेळी तू हाक मारलीस. या खेपेला पहिल्यांदाच, शबाना, तू मला न उठवता उतरलीस.